रोज पाणी घालूनही बोन्सायची पानं पिवळी पडून गळतायत? आधी हे तपासा

ठाण्यात आमच्या सोसायटीतून आणि आजूबाजूच्या दोन-तीन सोसायट्यांतून मिळून दरवर्षी आठ-दहा तरी आजारी बोन्साय माझ्या गॅलरीत येतात, कुणाचं फायकस, कुणाची कुंती, कुणाचं जेड, आणि झाडासोबत येणारं वाक्य जवळजवळ ठरलेलं, "अगं, पाणी तर रोज घालते, तरी असं का झालं?" त्यात दोन मोसम पक्के, एक जुलै-ऑगस्ट आणि दुसरा ऑक्टोबर हीट. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते. फुकट आणि सोप्या तपासणीपासून सुरू करून खर्चाच्या आणि अवघड तपासणीपर्यंत जाऊ. क्रम सोडू नका प्लीज, कारण बहुतेक झाडांचं कारण पहिल्या चारांतच सापडतं, आणि लोक मात्र घाबरून पहिल्याच दिवशी झाड उपटून माती बदलायला घेतात, त्यात बरं होण्यासारखं झाडही जातं.

आधी लक्षणं

पाणी साठून राहिलं असेल तर सहसा आतली, खोडाजवळची जुनी पानं आधी पिवळी होतात, मऊ पडतात, बोट लावलं की हातात येतात. माती कायम ओली, वरती हिरवट बुळबुळीत थर, कुंडी नाकाजवळ नेली तर कुबट वास येतो, ओलं पायपुसणं दोन दिवस बादलीत राहिल्यावर येतो ना तसा. कुंडी हलवली की चिलटांसारख्या बारीक काळ्या माश्या उडतात.

पाणी कमी पडत असेल तर पानांच्या कडा तपकिरी आणि कुरकुरीत होतात, कोवळे शेंडे माना टाकतात, कुंडी उचलली तर हलकी लागते, माती कडेपासून सुटून बोटभर नाही पण नखभर फट दिसते.

तिसरा प्रकार, पानांची फक्त टोकं जळाल्यासारखी आणि मातीवर, कुंडीच्या काठावर, भोकाशी पांढरी खर. हा पाण्यातल्या क्षारांचा प्रकार, खाली त्याबद्दल लिहिलंय.

जेड आणि अडेनियम ही पाना-खोडात पाणी साठवणारी झाडं, त्यांचं वेगळं. जेडची पानं सुरकुतली तर बहुतेक वेळा तहान, पण पानं टपटप गळतायत आणि खोड बुडाशी दाबल्यावर पिकलेल्या केळ्यासारखं लागतंय तर पाणी ताबडतोब बंद करा आणि बाकीचं नंतर वाचा, आधी शेवटचा भाग वाचा.

आणि एक खोटा अलार्म. वड, पिंपळ, उंबर यांची जुनी पानं उन्हाळ्याच्या तोंडावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये, गळतात, रस्त्यावरच्या मोठ्या पिंपळाखाली तेव्हा कचरा बघा. बोन्साय झालं म्हणून झाड आपला स्वभाव सोडत नाही. शेंड्यांना टोकदार कोंब दिसत असतील तर ते झाड आजारी नाही, त्याला जास्त पाणी घालू नका. उलट पानं नसताना त्याला पाणी कमीच लागतं. अडेनियमही थंडीत पानं टाकतं, तेच.

लोक फसतात ते एकाच ठिकाणी. माना टाकणं दोन्हीकडे दिसतं. माती ओली असून झाड माना टाकतंय म्हणजे मुळं कुजलीयत आणि असलेलं पाणीही त्यांना ओढता येत नाहीये. बघणाऱ्याला वाटतं तहानलंय, तो अजून एक मग ओततो. म्हणून नुसत्या पानांकडे बघून पाणी द्यायचं नाही. मला या सगळ्या वर्षांत कळलेली गोष्ट एवढीच आहे की पाणी किती घातलं हा प्रश्न नसतोच, पाणी मुळांच्या मधोमध पोचलं का आणि उरलेलं खालून निघून गेलं का, हे दोनच प्रश्न. पुढच्या सगळ्या तपासण्या याच दोन प्रश्नांच्या आहेत.

तपासणी १: कुंडी उचलून बघा

एकही पैसा लागत नाही. आज व्यवस्थित पाणी घाला, खालून निथळू द्या, अर्ध्या तासाने कुंडी दोन्ही हातांनी उचला आणि ते वजन लक्षात ठेवा. उद्या सकाळी परत उचला, परवा परत. चार-पाच दिवसांत हाताला कळायला लागतं की भरलेली कुंडी कशी लागते आणि कोरडी कशी. ज्यांचा हातावर विश्वास नाही त्यांनी किचनमधला वजनकाटा वापरा, लहान कुंडीला उत्तम. यात कळतं काय, तर रोज सकाळी वजन जवळपास भरलेल्या कुंडीएवढंच येत असेल तर पाणी वापरलंच जात नाहीये, आणि पाणी घातल्यावर अर्ध्या तासानेही कुंडी हलकीच असेल तर पाणी आत न जाता बाजूने वाहून गेलंय.

तपासणी २: अगरबत्तीची काडी

पूजेनंतर उरलेली अगरबत्तीची जळून गेलेली काडी घ्या, धुऊन कोरडी करा. खोड आणि कुंडीची कड यांच्या मध्यावर ती मातीत हळूच खुपसा, तळाला टेकेपर्यंत. जोर लावायचा नाही, मूळ आडवं आलं तर थोडी बाजूला घ्या. दहा मिनिटं राहू द्या. मग बाहेर काढून बघा, किती भाग गडद झालाय, माती चिकटलीय का, आणि ती गालाला लावा. बोटाला जे कळत नाही ते गालाला कळतं, गार लागली म्हणजे ओल आहे. दोन-तीन ठिकाणी करा.

यावर एवढा वेळ का घालवते तर माझी पहिली कुंती यामुळेच गेली. सहा वर्षांची होती, पांढरी फुलं आली की गॅलरीचं दार उघडलं तरी हॉलभर वास यायचा. रोज सकाळी मी झारीने पाणी घालायचे, वरची माती काळीशार ओली दिसायची, वर शेवाळही छान मखमली. तरी कडा सुकत गेल्या, मग पानं, मग फांद्या, आणि मी पाणी वाढवत गेले. ती गेल्यावर कुंडीतून काढली तर वरचा एक सेंटीमीटर ओला, कडेने ओल, आणि मुळांच्या गोळ्याचा मधला भाग चुरा केलेल्या बिस्किटासारखा, हाताने दाबला तर धूळ उडाली. महिन्याभरापासून तिथे पाण्याचा थेंब पोचला नव्हता आणि मी रोज बघत होते. तेव्हापासून वरच्या मातीचा रंग बघून पाणी द्यायचं मी सोडलं, शेवाळाचं तर बघतच नाही, कारण शेवाळ दोन थेंबांत हिरवं होतं.

काडी तळापासून अर्ध्यापर्यंत ओली आली आणि वर कोरडी, तर फायकस, वड, कुंती यांना अजून थांबता येतं, दुसऱ्या दिवशी बघा. जवळपास सगळी कोरडी आली तर आत्ता पाणी. जेड-अडेनियमसाठी काडी पूर्ण कोरडी आल्यावर अजून दोन-तीन दिवस जाऊ द्यायचे.

यावरून एक सांगते, मोबाईलवर पाण्याचा अलार्म लावू नका, काडीचा लावा. आमच्या खालच्या मजल्यावरचे काका सोमवार-गुरुवार असं ठरवून पाणी घालायचे, मे महिन्यात आणि जुलैमध्येही सोमवार-गुरुवारच. मेमध्ये झाड तहानेने मेलं असतं आणि जुलैमध्ये बुडून. आता ते रोज सात वाजता काडी बघतात, पाणी कधी घालतात कधी नाही, आणि त्यांचं फायकस इतकं भरलंय की छाटणीला मला बोलावतात.

तपासणी ३: पाणी घालताना नीट बघा

आता जसं रोज घालता तसंच पाणी घाला आणि डोळ्यांनी त्याचा पाठलाग करा. मातीत मुरतंय की वर तळं होऊन कडेने घसरतंय? खालच्या भोकातून किती वेळात बाहेर येतंय? चांगल्या मोकळ्या मातीत पाणी वरून घातल्यावर काही सेकंदांतच खालून धार लागते आणि लवकर थांबते. वर मिनिटभर तळं साचून राहत असेल तर माती घट्ट झालीय, तपासणी ७ तुमची वाट बघतेय. आणि ओतल्याबरोबर लगेच सगळं खालून भळाभळा आलं, कुंडी मात्र हलकीच, तर ते माझ्या कुंतीसारखं, मधला गोळा कोरडा आणि पाणी कडेच्या फटीतून जातंय. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, जास्त असलेल्या मिश्रणात हे हमखास, कारण कोकोपीट एकदा पूर्ण वाळलं की पाणी आत घ्यायलाच तयार होत नाही.

अशा झाडाला बुडवून पाणी द्यायचं. टबात किंवा बादलीत पाणी घ्या, कुंडी काठापर्यंत हळूहळू सोडा, मातीतून बुडबुडे यायला लागतील. बुडबुडे थांबले की बाहेर काढा, सहसा पाच-दहा मिनिटं. रात्रभर ठेवून द्यायचं नाही, मुळांनाही हवा लागते. एकदा गोळा आतपर्यंत भिजला की पुढे नेहमीसारखं वरून पाणी चालतं. पण बुडवणं हा उपचार आहे, रोजची सवय नाही, वरून घातलेलं पाणी खालून निघताना जुने क्षार धुऊन नेतं, ते काम बुडवण्याने होत नाही.

रोजचं पाणी कसं घालायचं, तर दोन फेऱ्यांत. बारीक भोकांची झारी, धार नको, धारेने माती उकरून मुळं उघडी पडतात. पहिल्या फेरीत सगळ्या मातीवर फिरवून हलकं घाला, पाच मिनिटं थांबा, तोवर दुसऱ्या झाडांचं बघा. पहिल्या पाण्याने माती मऊ होते, म्हणून दुसरी फेरी खरी आतपर्यंत जाते. दुसऱ्या फेरीत खालच्या प्रत्येक भोकातून पाणी येईपर्यंत घाला. रोज कपभर पाणी पुरवून पुरवून देणं हा सगळ्यात वाईट प्रकार आहे, त्यात वरचं ओलं राहतं आणि खालची मुळं उपाशी. द्यायचं तर पोटभर द्यायचं, मग सुकू द्यायचं.

आणि स्प्रेच्या बाटलीने पानांवर फवारणं म्हणजे पाणी घालणं नाही. पानांवरची धूळ जाते, घोडबंदर रोडच्या बाजूला राहणाऱ्यांना ती धूळ माहितीच आहे, पण मुळांना त्यातलं काही मिळत नाही. हे विशेष सांगते कारण गिफ्टमध्ये बोन्साय मिळालेले बरेच जण फक्त स्प्रेवरच झाड जगवायला बघतात.

तपासणी ४: खालचा ट्रे, भोकं आणि जाळी

फ्लॅटमध्ये सगळ्यात जास्त झाडं यात जातात. खालच्या घरातल्यांच्या कपड्यांवर पाणी पडू नये म्हणून आपण कुंडीखाली ट्रे ठेवतो, ते बरोबरच आहे, पण पाणी घातल्यावर अर्ध्या तासात तो ट्रे रिकामा करायचा. साठलेल्या पाण्यात कुंडी उभी राहिली की मुळं गुदमरतात आणि आठ-दहा दिवस तसंच राहिलं तर डेंग्यूचे डासही त्यातच तयार होतात. ट्रेमध्ये दोन पट्ट्या किंवा टाइलचे तुकडे ठेवून कुंडी उचलून ठेवली तर निम्मी चिंता जाते.

मग कुंडी कलती करून खालून बघा. भोकं आहेत का? हसू नका, शोभेच्या चिनी मातीच्या कुंड्यांना कित्येकदा भोकच नसतं, किंवा एक बाहेरची कुंडी आणि आत प्लास्टिकची, मधे पाणी साठलेलं. भोकावरची जाळी मुळांनी किंवा बारीक मातीने बुजली असेल तर काडीने हळूच मोकळी करा.

आता उथळ कुंडीचं. बोन्साय या शब्दातच ते आहे, बोन म्हणजे तबक आणि साय म्हणजे लावणं. तबकातलं झाड. लोकांना वाटतं कुंडी उथळ म्हणजे पाणी पटकन निघून जात असेल. उलटं असतं. भांडी घासायचा नवीन स्पंज घ्या, पाण्यात भिजवा आणि आडवा, सपाट धरा. ठिबकणं थांबेपर्यंत थांबा. थांबलं? आता तोच स्पंज न दाबता उभा करा. परत पाणी ठिबकायला लागतं. मातीचंही तसंच, कुठल्याही कुंडीत तळाशी पाण्याचा एक थर अडकून राहतो, भोक असलं तरीही, आणि तो थर किती उंच हे मातीच्या कणांवर ठरतं, कुंडीच्या उंचीवर नाही. फूटभर उंच कुंडीत तळाचा इंचभर चिखल झाला तर वरची मुळं मजेत असतात. दोन इंचांच्या बोन्साय कुंडीत तोच इंच म्हणजे अर्धी कुंडी. म्हणूनच नर्सरीतली साधी लाल माती मोठ्या कुंडीत चालते आणि बोन्सायमध्ये झाडाचा जीव घेते. तळाला खडी किंवा विटांच्या ठिकऱ्या घातल्याने हा थर जात नाही, तो फक्त खडीच्या वर सरकतो, म्हणजे मुळांच्या अजून जवळ.

यातून मिळणारी युक्ती मात्र फार कामाची. पावसाळ्यात कुंडी फारच ओली राहत असेल तर एका बाजूला खाली दोन बोटं जाडीचा लाकडाचा तुकडा सरकवा, कुंडी तिरकी झाली की स्पंजसारखंच जास्तीचं पाणी खालच्या कोपऱ्यातल्या भोकातून निघून जातं. मी जुलैमध्ये सगळ्या कुंड्या तिरक्या ठेवते, बघणाऱ्याला विचित्र वाटतं, झाडांना बरं वाटतं.

तपासणी ५: जागा आणि मोसम

झाड तेच, कुंडी तीच, हात तोच, तरी अचानक बिघडलं तर गेल्या महिन्यात काय बदललं ते आठवा. माझी वहिनी नेरुळला राहते, तिचं फायकस चार वर्षं उत्तम होतं आणि एका एप्रिलमध्ये एकाच बाजूची पानं करपली. पाणी ठीक, काडी ठीक. संध्याकाळी मी तिच्याकडे गेले तेव्हा कळलं, बेडरूमला नवीन एसी बसवलेला आणि त्याचं बाहेरचं युनिट बरोबर झाडाच्या तोंडावर गरम हवा सोडत होतं. झाड तीन फूट बाजूला घेतलं, महिन्याभरात नवीन पानं. एकाच बाजूची पानं सुकत असतील तर पाण्याआधी हवा आणि ऊन बघा.

पश्चिमेची गॅलरी, त्यात गडद रंगाची कुंडी आणि खाडीचा वारा, वाशी-ऐरोलीच्या बाजूला वरच्या मजल्यांवर हा प्रकार असतो, तिथे मेमध्ये दिवसातून दोनदा पाणी लागू शकतं, सकाळी आणि ऊन उतरल्यावर. पूर्वेच्या गॅलरीत त्याच झाडाला एकदा पुरतं. म्हणून मैत्रिणीच्या झाडाला किती पाणी लागतं ते तुमच्या झाडाला लागू होत नाही.

पावसाळ्याचं नीट समजून घ्या. मुंबईकडे पाऊस येण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आणि परतण्याची ८ ऑक्टोबर, म्हणजे वर्षातले जवळपास चार महिने. गच्चीवरच्या झाडांना तेव्हा आपल्याकडून पाणी जवळपास लागतच नाही, निचरा बघायचा फक्त. पण ग्रिलमध्ये, वर पत्रा असलेल्या झाडांना पाऊस लागतच नाही! बाहेर धो धो पाऊस आणि आत कुंडी कोरडी, आपण समजतो भिजलं असेल. वरची पानं दाट असतील तर उघड्यावरही रिमझिम पावसाचं पाणी छत्रीवरून ओघळावं तसं बाहेरच्या बाहेर पडतं. म्हणून पावसातही काडी. आणि पाऊस थांबून एकदम ऊन तापतं त्या ऑक्टोबरमध्ये लोक पावसाळ्याच्याच सवयीत असतात, आठवड्याभरात झाड वाळतं. माझ्याकडे येणारा दुसरा मोसम तो हाच.

गच्चीवर पाइपने पाणी घालणाऱ्यांनी आधी पाइपमधलं तापलेलं पाणी बादलीत सोडून द्या. दुपारी उन्हात पडलेल्या पाइपमधलं पहिलं पाणी हाताला सहन होत नाही, मुळांना कसं होईल.

तपासणी ६: पाणी कुठलं घालताय

महापालिकेचं नळाचं पाणी, ठाण्यातलं असो नाहीतर नवी मुंबईतलं मोरबे धरणाचं, बोन्सायला चालतं. क्लोरीनची काळजी वाटत असेल तर रात्री बादली भरून उघडी ठेवा, पण तेवढ्याने झाड मरत नाही.

खरी भानगड दोन पाण्यांची. एक बोअरचं किंवा उन्हाळ्यात टँकरने येणारं पाणी, खाडीजवळ ते खारट असू शकतं. दुसरं, आरओ फिल्टरमधून वाया जाणारं पाणी. पाणी वाचवायचं म्हणून बऱ्याच घरांत ते बादलीत धरून झाडांना घालतात, हेतू फार चांगला आहे, पण फिल्टरने काढलेले सगळे क्षार त्याच पाण्यात आलेले असतात. जमिनीतल्या झाडाला पावसाने धुऊन जातात, दोन इंचांच्या कुंडीत ते साठत जातात आणि मग पानांची टोकं जळतात, काठावर पांढरी खर येते. ते पाणी फरशी पुसायला, संडास-बाथरूमला वापरा, बोन्सायला नको. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मात्र उत्तम, त्यात क्षार नसतात, आमच्याकडे मेमध्ये रोज अर्धी बादली मिळतं.

पांढरी खर दिसत असेल तर चांगलं पाणी घेऊन कुंडीच्या चार-पाच पट पाणी सावकाश ओतून धुऊन काढा, पंधरा दिवसांनी परत. खत तोपर्यंत बंद. खरं तर कुठल्याही आजारी झाडाला खत बंदच ठेवा, खतही क्षारच असतं आणि दुखऱ्या मुळांना ते झोंबतं.

तपासणी ७: झाड बाहेर काढून मुळं बघणं

इथवर कारण सापडलं नाही, किंवा पाणी वर तळं करून बसतंय, तरच इथे या. मातीला कुजका वास येतोय तर मोसम न बघता लगेच, नाहीतर फेब्रुवारी-मार्च किंवा पाऊस स्थिरावल्यावर. मेच्या उन्हात धडधाकट झाडाची मुळं छाटू नका.

आदल्या दिवशी पाणी नको. कुंडीच्या आतल्या कडेने पातळ सुरी फिरवा, तारेने बांधलेलं असेल तर खालून तार कापा, खोडाच्या बुडाला धरून गोळा अलगद उचला. खोड ओढून काढायचं नाही. निरोगी मुळं पांढरी, पिवळट किंवा तपकिरी, पण टणक. कुजलेली काळी, मऊ, चिमटीत धरून ओढली तर साल हातात येते आणि आत दोऱ्यासारखी शीर उरते. मुळं कुंडीच्या आकाराची चटई होऊन गोल गोल फिरलेली असतील तर माती उरलेलीच नाही, पाणी मावणार कुठे, दोन-तीन वर्षांत असं होतंच.

कुजलेलं सगळं स्वच्छ कात्रीने कापा. निरोगी मुळं मात्र एका वेळी एक तृतीयांशपेक्षा जास्त नको, आणि आजारी झाडाची तर कमीच. नवीन माती मी अशी करते, दोन भाग विटांचे तुकडे, एक भाग चाळलेलं कंपोस्ट, मूठभर कोकोपीट. जेड-अडेनियमला विटा अजून जास्त. विटांचे तुकडे साबुदाण्यापासून तुरीच्या दाण्याएवढे, आणि खालची सगळी धूळ चाळून टाकायची, हे चाळणं कंटाळवाणं आहे पण निचरा त्यातच आहे, धूळ राहिली तर वर सांगितलेला पाण्याचा थर परत उंच होतो. भाजलेली पक्की वीट घ्या, कच्ची पाण्यात विरघळून चिखल होते. माती मुळांमध्ये काडीने भरून पोकळ्या बुजवा, झाड हलणार नाही असं तारेने कुंडीला बांधा, एकदा भरपूर पाणी द्या आणि दोन-तीन आठवडे सावलीत, वारा नसलेल्या जागी ठेवा. छाटलेल्या झाडाला पाणी कमी लागतं, काडी बघितल्याशिवाय घालू नका.

बाहेरगावी जाताना

गणपतीला कोकणात आठ-दहा दिवस जाणारे घरोघरी आहेत, आणि परतल्यावर माझ्याकडे येणारी झाडंही. ट्रेमध्ये पाणी भरून जाऊ नका, ते बुडवून मारणं आहे. सगळी झाडं सावलीत एकत्र ठेवा, जमिनीवर, आणि शेजारच्यांना काडी शिकवून जा, प्रत्यक्ष त्यांच्या हाताने दोनदा करून घ्या. जपानमधलं १६२५ पासून वाढवलेलं एक पांढरं पाइन आज वॉशिंग्टनच्या बोन्साय संग्रहालयात आहे, १९४५ ला हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा ते तिथून तीनेक किलोमीटरवर एका भिंतीआड होतं म्हणून वाचलं, १९७६ साली ते अमेरिकेला भेट दिलं. एवढी वर्षं एका घराण्यातल्या पिढ्यांनी आणि मग दुसऱ्या देशातल्या माणसांनी त्याला पाणी दिलंय. तुमच्या शेजारच्या काकूही दहा दिवस नक्की देतील, फक्त नीट सांगायला हवं.

कुठे थांबायचं आणि जाणकाराला बोलवायचं

झाड जिवंत आहे का ते आधी बघा. बारीक फांदीवर नखाने किंचित खरवडा, आत हिरवं ओलं दिसलं तर जीव आहे. वड, पिंपळ, उंबर, फायकसला खरवडल्यावर पांढरा चीक आला तरी जीव आहे. शेंड्याला तपकिरी निघालं तर खाली खाली येत खरवडा, खोडाला हिरवं असेल तर आशा सोडू नका.

पण निम्म्याहून जास्त मुळं काळी निघाली, खोडाचा बुडखा मऊ झालाय, खोडाला भेग पडून त्यातून पाणी किंवा वास येतोय, मुळांत पांढरी कापसासारखी कीड आहे, किंवा वरचं सगळं बरोबर करूनही महिनाभर गळती थांबत नाहीये, तर स्वतः प्रयोग करणं थांबवा. झाड पंधरा-वीस वर्षांचं असेल, वडिलांनी किंवा आजोबांनी लावलेलं असेल, तर मी म्हणेन तपासणी ७ सुद्धा एकट्याने करू नका. वर्षानुवर्षं बोन्सायच करणाऱ्या माणसाला दाखवा. नेहमीच्या नर्सरीतला माळी गुलाब-जास्वंदीत हुशार असतो पण बोन्सायला तो बहुतेक वेळा मोठी कुंडी आणि शेणखत सुचवेल, आणि कुजलेल्या मुळांना ती दोन्ही नकोत. जुनिपर, म्हणजे थंड हवेतलं सुईसारख्या पानांचं झाड, घेतलं असेल तर आधीच विचारून घ्या, त्याला हिवाळ्याची खरी थंडी लागते, आपल्या हवेत ते वर्ष-दोन वर्षांत रोडावतं आणि दोष पाण्याला लागतो.

दाखवायला नेताना निघायच्या आधी पाणी घालू नका, मातीची खरी अवस्था त्यांना दिसू दे. गळलेली पानं एका कागदी पिशवीत, कुठलं पाणी घालता त्याची छोटी बाटली, आणि गेल्या पंधरा दिवसांत काडी कोणत्या दिवशी ओली आणि कोणत्या दिवशी कोरडी आली ते कागदावर लिहून सोबत न्या. लोकलने नेणार असाल तर गर्दीची वेळ टाळा आणि कुंडी पुठ्ठ्याच्या खोक्यात बाजूने वर्तमानपत्र कोंबून ठेवा, हलणाऱ्या झाडाची नवीन मुळं तुटतात.